दुसरा विषय कोणता?

भाची सांगलीत बी.एस्सी. करतेय. मेजर गणित, पुढे बी.एड. करून शाळेत शिकवायचंय. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं पदवीला मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय, आणलं, त्यात काय घेऊ, असं तिनं घरच्या ग्रुपवर विचारलं. दोन दिवस सगळ्यांनी अक्कल पाजळली. भाऊजींनी, म्हणजे तिच्याच बाबांनी, निकाल दिला: "मास्तरकीच करायची ना? मग ज्याचा पेपर सोपा ते घे."

त्या 'मास्तरकीच'मधला 'च' मला इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये झोंबला.

इथे शिक्षक व्हायला निघालेली पोरं विद्यापीठात शिरतानाच दोन विषय धरतात. लेकीचे गणिताचे सर तिला खेळही शिकवतात, आणि तोही रीतसर शिकलेला विषय. वर दीड-दोन वर्षं शाळेत उमेदवारी. सोपा पेपर बघून कुणी विषय घेत नाही. (घेतही असतील, मला भेटले नाहीत.)

आणि तिकडे तरी काय वेगळं? सहावी ते आठवीच्या शिक्षक पात्रता परीक्षेत, टीईटीत, १५०पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, एकत्र. शिवाय गणिताच्या बाईंच्या गळ्यात विज्ञानाचे तास पडतातच. फिजिक्स घे म्हटलं, सगळं लिहून टाकलं. भाऊजींनी जोडलेले हात पाठवले.

पण राग भाऊजींचा कुठे होता! माझंही बी.एस्सी. गणितच. बी.एड.ला मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, गणित आणि विज्ञान. इथे आल्यावर शिक्षिका म्हणून मान्यता मिळते का बघायला लॅमिनेट केलेली गुणपत्रकं घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, दुसरा विषय कोणता? म्हटलं, विज्ञान. "विज्ञान म्हणजे? भौतिक, रसायन की जीव?" फिजिक्स एस.वाय.पर्यंत होतं, टी.वाय.ला नुसतं गणित. त्यांची पेन्सिल गुणपत्रकावरून खाली सरकत गेली आणि गणितापाशीच थांबली. एका विषयावर भागत नव्हतं.

आता शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांचा गृहपाठ घेते. परवा एकाला भागाकार आपल्यासारखा मांडून दाखवला, भाजक डावीकडे, उत्तर वर. तो म्हणाला, "आमच्या बाईंना असं चालत नाही." त्यांच्यात ८४ : ६ = असं लिहून उत्तर उजवीकडे. खोडरबर घेतलं, सगळं पुसलं, त्याच्यासारखं मांडलं. उत्तर १४च आलं.