आधी घराचा पाइप लाइनला जोडा, मग नव्या एसटीपीचं बोलू

पोस्ट लांबलीय. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढं जा.

नोव्हेंबर 2020 ला कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाच्या कारभारात गेली. जानेवारी 2026 ला एकदाची निवडणूक झाली, 81 नगरसेवक आले. प्रचारात आमच्या दारात जेवढे येऊन गेले, तेवढ्यांनी रस्ता करून देतो म्हणून सांगितलं. रस्त्याखालचं एकजण बोलला नाही. बोलणार तरी कशाला? ड्रेनेज लाइनचं उद्घाटन करायचं म्हणजे नारळ चेंबरच्या झाकणावर फोडायचा काय?

पंचगंगेत मासे मेले की आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आंदोलन, पंचनामा, पाण्याचे नमुने, नोटीस. मग कोणतरी म्हणतं, अजून एक एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. कसबा बावड्यात 76 एमएलडीचा (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) प्रकल्प आहे, दुधाळीत 17 चा. दोन्ही मिळून रोज 9 कोटी 30 लाख लिटर मैलापाणी शुद्ध करायची क्षमता. ही काय लहान गोष्ट नव्हे. खरा प्रश्न, मैला तिथपर्यंत जातो कसा?

शहरातनं पंचगंगेला जाणाऱ्या जयंती नाल्याचंच बघा. नदीच्या अलीकडं नाला अडवायचा, पंपानं उपसायचा आणि बावड्याला पाठवायचा, अशी व्यवस्था आहे. ज्या घरांच्या जोडण्या लाइनला नाहीत त्यांचं सांडपाणी गटारातून नाल्यात येतं आणि नाल्यातून पंपावर. म्हणजे शहराची मोठ्यात मोठी ड्रेनेज लाइन कुठली म्हणाल, तर हा उघडा नाला. उन्हाळ्यात हे निभतं. पण वळवाचा एक दणका बसला की पंपांच्या आवाक्याबाहेरचा लोंढा येतो आणि बांधावरून सगळं थेट नदीत. लाइट गेली तरी तेच. बावड्याचा प्रकल्प दुप्पट केला म्हणून त्या दिवशी काय फरक पडणार? पाणी तिथं पोचलेलंच नसतं!

आणि हे पाणी आपल्या नजरेआड झालं की संपलं असं नाही. ते खाली इचलकरंजीला जातं, शिरोळ तालुक्यातनं नरसोबावाडीला कृष्णेत मिळतं. इचलकरंजीत 2012 ला काविळीची साथ आली, माणसं गेली, तेव्हा पंचगंगेच्या पाण्यावर केवढं रान उठलं होतं ते आठवत असेल. आपण शहराच्या वरच्या अंगाचं पाणी पितो, म्हणून आपल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, हे बोलायला कडू आहे पण खरं आहे.

त्यात 2023 च्या दिवाळीला काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं. आनंदच आहे, किती वर्षं वाट बघितली. पण दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं, असं धरून ड्रेनेजचा हिशेब मांडतात. नळाला पाणी वाढलं म्हणजे मोरीतनं जाणारंही वाढलं. थेट पाइपलाइनवर शहरात जेवढी भाषणं झाली, त्याच्या निम्मी तरी या परतीच्या पाण्यावर झाली असती तर बरं झालं असतं.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो, कारण दोष सगळा वरच नाही. मागच्या पावसाळ्यात कोपऱ्यावरचं चेंबर उसळलं. काळं पाणी, त्यावर पिवळट तवंग, आणि प्रत्येकजण नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच्या घराकडं बघतोय. पाण्याच्या जोरानं लाइन मोकळी करायचं जेटिंग मशीन घेऊन माणसं आली, झाकण उघडलं. आधी बाहेर आली ती साडीची चिंधी, मग सॅनिटरी पॅड, मग प्लास्टिकच्या पिशव्या आणि शेवटी पांढरट, साबणासारखे घट्ट गोळे. "चरबी हाय ही, मटणाची," त्यातला वयस्कर माणूस म्हणाला. "गरम असताना वततात, आत जाऊन गोठती." तांबडा-पांढरा रस्सा आपला अभिमान, त्याच्या मागं काय उरतं ते मी तेव्हा बघितलं. खानावळीनं चरबी अडवायचा सापळा बसवायला फार खर्च येत नाही, पण विचारतो कोण?

त्यानंच वर बोट करून दाखवलं. तीन घरांच्या गच्चीचे पाइप सरळ चेंबरमध्ये सोडलेले. मैल्यासाठी टाकलेली लाइन, तिच्यात धो धो पावसाचं पाणी. उसळणार नाही तर काय? (ती तीन घरं कुणाची ते लिहीत नाही, मला गल्लीत राहायचं आहे.)

एक मात्र लिहितो. "एकाला आत उतरवा की, लगेच निघंल," असं गर्दीतलं कोणीतरी अगदी सहज बोललं. दादांनो, 2013 पासून कायद्यानं त्याला बंदी आहे. गटारात उतरून माणूस मेला तर 30 लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 ला सांगितलंय. तो म्हातारा ऐकून घेऊन नुसता हसला. मला ते हसणं बरं वाटलं नाही.

हद्दीचा घोळ आहेच. शहराला लागून असलेल्या पाचगाव, कळंबा, मोरेवाडी इथं कॉलन्या किती वाढल्या ते दिसतंच. 1972 पासून हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय, त्यामुळं तिथं ग्रामपंचायत आणि इथं महापालिका. पाण्याला हद्द कळत नाही, ते उतारानं शहराच्या नाल्यात येतं. हद्दवाढीला हो म्हणा नाहीतर नको म्हणा, ड्रेनेजचं नियोजन तरी एकत्र करायला काय अडचण आहे?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी आणि 43 फुटाला धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरांनाही पाठ. नदी फुगून नाला मागं सरला की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात, तीही बातमी आपण दरवर्षी वाचतो. पण आपल्या संडासाचा पाइप कुठल्या लाइनला जातो, जातो तरी का, हे विचारा बघू कुणाला.

म्हणून नव्या सभागृहाकडं माझं एकच मागणं आहे. कुठलाही रस्ता डांबरी किंवा काँक्रीट करायच्या आधी त्या रस्त्यावरच्या किती घरांच्या जोडण्या लाइनला आहेत, याची यादी लावा. राहिलेल्या जोडण्या पुऱ्या करा, मग रस्ता करा. रस्ता दोन महिने उशिरा झाला तरी चालेल. नवा रस्ता झाल्यावर खणला की शिव्या नगरसेवकालाच बसतात, तेव्हा यात त्यांचाही फायदा आहे.

आमच्या प्रभागाचा ड्रेनेजचा नकाशा मागायला रविवारी सकाळी आम्ही काहीजण नगरसेवकांच्या घरी जातोय. गल्लीतल्यांनी दहाला तालमीपाशी जमा. ज्यांच्या गच्चीचा पाइप चेंबरमध्ये आहे त्यांनीही या, कुणी नावं ठेवणार नाही.