मैदान मुलांपासून कसं वाचवावं

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही शाळेच्या संस्थेवर विश्वस्त झालात, किंवा मुख्याध्यापक झालात, किंवा बदली होऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात खुर्चीवर बसलात. यातलं काहीही झालं असलं तरी पहिल्या महिन्यातच चार-पाच रहिवासी अर्ज घेऊन तुमच्या दारात येणार. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतील, त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल असेल. एक आई असेल, तिच्या मुलाने गल्लीत कव्हर ड्राइव्ह मारून शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा उडवलेला असेल. अर्जाचा विषय पाठच करून ठेवा : ‘शाळा सुटल्यानंतर मैदान परिसरातील मुलांसाठी खुले करणेबाबत.’

घाबरू नका. चहा सांगा. आणि काही झालं तरी ‘नाही’ म्हणू नका. नवखा माणूस ‘नाही’ म्हणतो आणि अडकतो, कारण ‘नाही’वर वरच्या साहेबाकडे जाता येतं. ‘बघू’वर कुठेच जाता येत नाही. ‘कल्पना उत्तम आहे’ म्हणा, अर्ज हातात घ्या, चष्मा लावा, तो शेवटपर्यंत वाचा आणि मग अगदी काळजीच्या सुरात विचारा, ‘पण काका, जबाबदारी कोणाची?’

या एका प्रश्नावर आपल्या राज्यातली कित्येक मैदानं सुखरूप राहिली आहेत. मूल पडलं तर? गुडघा फुटला तर? नळ कोणी उघडा ठेवला तर? शौचालय कोण धुणार? दिव्याचं बिल कोणाच्या नावावर? विचारत राहा. समोरच्यांपैकी एखादा शहाणा म्हणेल, ‘अहो, हीच मुलं सकाळी अकरा ते पाच याच मैदानावर पडतात की!’ त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघा. साडेपाचनंतर गुरुत्वाकर्षण वाढतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आता तुमची शाळा खासगी संस्थेची असेल तर काम सोपं आहे. ‘जागा शासनाची, भाडेपट्टा आमचा, अटी बघाव्या लागतील’ म्हणा आणि त्यांना जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता द्या. भाडेपट्ट्याची प्रत मागितली तर ती वकिलांकडे असते. ती कायम वकिलांकडेच असते.

खरी कला लागते ती महापालिकेच्या शाळेत. तिथे अडचण अशी, की शाळाही पालिकेची आणि मैदानही पालिकेचं. मुंबईत पालिकेच्या शाळा हजाराच्या वर आहेत. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात उद्यानं, बागा, क्रीडांगणं ही नगरपालिकांची कामं म्हणून सरळ लिहिलेली आहेत. म्हणजे मालक एक, तिजोरी एक, आयुक्तही एकच. वरवर पाहता उजव्या खिशातली किल्ली डाव्या खिशात टाकण्याइतकंच काम. तेवढ्यात काम होऊन गेलं तर काय, या विचाराने तुम्हाला घाम फुटेल. फुटू देऊ नका. घरात माणूस एकच असला तरी खाती चार असतात.

अर्जावर ‘उचित कार्यवाहीसाठी’ असं लिहा आणि तो शिक्षण खात्याकडे पाठवा. शिक्षण खातं सांगेल की आमचा संबंध शाळेच्या वेळेपुरता, नंतरचं आम्हाला काय ठाऊक. मग तो ‘अभिप्रायार्थ’ उद्यान खात्याकडे जाईल. उद्यान खातं म्हणेल, ही जागा आमच्या यादीत नाही, सबब आमचा माळी तिथे पाय ठेवू शकत नाही. मालमत्ता विभाग तिसरा. तो मोजणीचा नकाशा मागेल आणि नकाशात मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी निघेल, म्हणून जल खातं चौथं. एवढं फिरून फाइल परत तुमच्याच टेबलावर येते, तोवर काकांच्या नातवाला मिसरूड फुटलेलं असतं आणि त्याला खेळायचं राहिलेलं नसतं, अभ्यास असतो. अर्ज आपोआप निकाली.

कोणीतरी परदेशात जाऊन आलेला असतोच. तो सांगेल की अमेरिकेत ह्यूस्टन शहराने हे १९८३ सालीच केलं. नगर परिषदेच्या सदस्य एलिनॉर टिन्स्ली यांनी ‘स्पार्क’ नावाचा कार्यक्रम काढला. दिवसा अंगण शाळेचं, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तेच वस्तीचं उद्यान. आजवर तिथे अशी दोनशेच्या वर उद्यानं झाली. न्यूयॉर्कनेही २००७ साली शाळांची अंगणं शाळेबाहेरच्या वेळात उघडायला घेतली, का तर प्रत्येक माणसाला दहा मिनिटं चालून खेळायची जागा मिळावी. हे सगळं खरं आहे, म्हणून वाद घालू नका. ‘तिकडची गोष्ट वेगळी’ एवढंच म्हणा. आणि ती आहेच वेगळी. ह्यूस्टनमध्ये शहर निराळं आणि शाळा चालवणारं मंडळ निराळं. दोघांच्या निवडणुका वेगळ्या, दोघांचे कर वेगळे. म्हणून त्यांना बिचाऱ्यांना समोरासमोर बसून करार लिहावा लागतो : झाडलोट कोण करेल, विमा कोण काढेल, तुटलेला झोका कोण बसवेल. आपल्याकडे दोन्ही एकच असल्यामुळे करार कोणी कोणाशी करायचा, हा घटनात्मक पेच आहे. तो तुमच्या हयातीत सुटू नये याची काळजी घ्या.

कायद्याची भीती बाळगू नका, कायदा तुमच्याच बाजूचा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. त्याच्या लगेच खालच्या ओळीत कुंपण हवं असंही लिहिलंय. तुम्ही खालच्या ओळीवर जोर द्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही असं बजावलं. बरोबरच आहे. मुलांशिवाय मैदान असू शकत नाही, असं काही न्यायालय म्हणालेलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर त्याहून पुढचं. शाळेच्या वेळेबाहेर रिकाम्या राहणाऱ्या सोयीसुविधा समाजासाठी वापराव्यात, शाळेने ‘सामाजिक चेतना केंद्र’ व्हावं, अशी त्यात सूचना आहे. या शब्दांचा चांगला ठसठशीत फलक करून घ्या, निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि फाटकावर लावा. कुलपाच्या थोडा वर, म्हणजे दोन्ही नीट दिसतील.

कुलपाचं म्हणाल तर ते साखळीसकट घ्या. साध्या कडीकोयंड्याने भागत नाही. पण एक तोटा सांगून ठेवतो. माझ्या ओळखीच्या एका गल्लीत पोरं शाळेचं बंद फाटकच स्टम्प म्हणून वापरतात. मधले तीन गज म्हणजे तीन यष्ट्या, आणि चेंडू लागला की साखळी खणखणते, त्यामुळे आउट की नॉट-आउट ही भांडणं त्या गल्लीत होत नाहीत. बॅट्समन फाटकाला पाठ करून उभा असतो आणि त्याच्या पाठीमागे, गजांच्या पलीकडे, एवढं मोठं मैदान मोकळं पडलेलं असतं. चेंडू कधीमधी आत जातो. मग सगळ्यांत बारका जो असेल त्याला भिंतीच्या खिंडारातून आत सोडतात. चपला बाहेर, कारण पळताना चपला नडतात. ते खिंडार बुजवून घ्या. जाता जाता भिंतीवर काचाही बसवा. मघाच्या जबाबदारीच्या प्रश्नात काचेने कापल्याची जबाबदारी धरत नाहीत.

आकडेवारी घेऊन येणारे त्रास देतात. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय आणि मुंबईत ती सव्वाच्या आसपास भरते. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक सतरंजी, तीही बसायची, पसरायची नव्हे. यावर उत्तर : विकास आराखड्यात मैदानाचा रंग हिरवा आहे ना? मग झालं. नकाशावरून हिरवं कोणी काढून घेत नाही तोवर शहर श्वास घेतंय असं समजायचं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी मैदान कोणालाच देऊ नका म्हणतोय. छे, छे. मैदान ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि ती वाटून घेतलीच पाहिजे. फक्त कोणाशी, ते कळायला हवं. मतदान असेल तर अख्खी शाळा द्या, वर मास्तरही द्या. भाऊंच्या वाढदिवसाचा चषक असेल तर तीन रात्री द्या : फ्लडलाइट, भिंतीएवढे स्पीकर, ट्रॉलीवर बक्षिसाची मोटारसायकल. शाळेभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत उल्लेख आहे खरा, पण चषकात समालोचन मराठीतून असतं, आणि भाषेच्या जतनाला कोण आडवं येणार? लग्न असेल तर पावती फाडून द्या. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला मुलं खिळे आणि द्रोण वेचतील, तेवढंच श्रमसंस्कार. बाकी उरलेल्या कोपऱ्यात हिरवी जाळी लावून टर्फ काढून द्यायचा तोही विचार करा. ज्या मुलांना संध्याकाळी फुकट आत घेतलं तर गवत मरतं, तीच तासाला हजार-बाराशे भरून आली की गवताला काही होत नाही. ते प्लास्टिकचं असतं.

मैदान दत्तक द्यायचीही एक रीत आहे, पण ती जरा जपून. मुंबईत २०१६ साली मोकळ्या जागा संस्थांना दत्तक द्यायचं धोरण पालिका सभागृहात मंजूर झालं आणि लोकांनी इतकी बोंब ठोकली की ते स्थगित करावं लागलं. आधीच्या अनुभवाने लोक शहाणे झाले होते. दत्तक गेलेलं पोर मोठं होऊन क्लब निघतं आणि आईबापांकडेच सभासदत्वाची फी मागतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

उलट दिशेची वाटणी मात्र कधीच थांबवू नका. शाळेला शहराचं मैदान लागलं तर हक्काने मागा. फेब्रुवारी १९८८मध्ये शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत ६६४ धावांची अखंड भागीदारी रचली ती आझाद मैदानावर. आचरेकर सरांनी पिढ्या घडवल्या त्या शिवाजी पार्कवर. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं पार्क ते, त्याला फाटक लावून कोणी किल्ली खिशात घातली नाही म्हणून ते जमलं. भाषणात या तिघांची नावं घ्या, टाळ्या घ्या, आणि आपलं फाटक लागलंय ना, ते बघून घरी जा.

तरीही दबाव वाढलाच, एखाद्या वर्तमानपत्राने फोटो छापला, तर शेवटचं अस्त्र काढा : ‘प्रायोगिक तत्त्वावर’. रविवारी सकाळी सात ते नऊ. आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, पालकांचं स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, आणि चेंडू फक्त रबरी. नोंदवही शिपायाकडे, शिपाई रविवारी सुट्टीवर. दोन महिन्यांनी अहवाल लिहा, ‘परिसरातील मुलांचा प्रतिसाद अल्प आढळून आला.’ सोबत रिकाम्या मैदानाचा फोटो जोडा. तो कधीही काढला तरी चालतो. क्वचित एखादा मुख्याध्यापक वेडेपणा करून सरळ रोज फाटक उघडून देतो, स्थानिक मंडळाच्या दोन पोरांना देखरेखीला बसवतो आणि वर्षभर एक काचही फुटत नाही. अशा माणसाचं कौतुक करून त्याची ताबडतोब बदली करावी, कारण उदाहरण ही फार चिकट वस्तू आहे.

कल्याणचं प्रकरण वाचून ठेवा, अभ्यासाला बरं पडेल. जानेवारी २०१६मध्ये तिथल्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने आंतरशालेय सामन्यात एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या. जगभर नाव झालं, सत्कार झाले. त्याच वर्षी डिसेंबरात सुभाष मैदानावर केंद्रीय मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी जागा करायची होती, मुलं खेळत होती, प्रणवने हरकत घेतली आणि पोलिसांनी त्याला उचलून पोलीस ठाण्यात नेलं. मंत्र्यांकडे खातं मनुष्यबळ विकासाचं, म्हणजे शिक्षणाचंच होतं. शिक्षण आणि क्रीडांगण यांचा समन्वय म्हणतात तो हाच.

तेव्हा तुमच्या गल्लीतल्या, त्या फाटकाला स्टम्प मानणाऱ्या पोरांपैकी एखाद्याने उद्या असंच काही करून दाखवलं तर गडबडून जाऊ नका. सत्कार आपल्याच मैदानावर ठेवा. मांडववाल्याला आदल्या दिवशी बोलवा, बांबूचे खड्डे खेळपट्टीतच घ्यायला सांगा, तिथली माती घट्ट असते. भाऊंची खुर्ची मधोमध. मुलाला शाल, श्रीफळ आणि प्रायोजकाची किट बॅग. प्रवेश पास असणाऱ्यांनाच. पास कुठे मिळतील असं पोरांनी विचारलं, तर अर्ज करायला सांगा.