४५ अंशांचा उन्हाळा आणि वीस-पन्नासचा हट्ट

मार्च लागला की ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: "मराठवाड्याच्या ४५ डिग्रीत पंधरा-चाळीस ऑइल पाण्यासारखं होतं. डिझेल गाडीला वीस-पन्नासच टाका. प्रेशर चांगलं राहतं, गाडी ऑइल खात नाही, इंजिन टिकतं."

पाण्यासारखं? पंधरा-चाळीस म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५०, हे इंजिन ऑइलच्या दाटपणाचे ग्रेड. ४० अंशांना पंधरा-चाळीसचा दाटपणा साधारण ११० सेंटिस्टोक असतो आणि १०० अंशांना १४-१५. म्हणजे उन्हात उभ्या गाडीतलं ऑइल पळत्या गाडीतल्या ऑइलपेक्षा सात-आठ पट दाट. नावातला ४० ठरतो तोच मुळी १०० अंशांवर मोजून: १२.५ ते १६.३ मध्ये बसलं तर ४०, त्याच्या वर २१.९ पर्यंत ५०. बाहेर जानेवारी असो की मे, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ८०-९५ अंशांच्या आसपासच धरून ठेवतो. बेअरिंगमध्ये ऑइल जसं रगडलं जातं तशी एक चाचणी १५० अंशांवर होते. तिथल्या दाटपणाची किमान अट १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोघांना एकच आहे, ३.७ सेंटिपॉइज. धारूरच्या घाटात भरल्या गाडीचा टेंपरेचरचा काटा चढत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट, कापसाचा कचरा आणि ढिला बेल्ट बघा.

"प्रेशर चांगलं." दाट ऑइलला वाट काढायला जोर लागतो, म्हणून काटा वर दिसतो. बेअरिंगला आणि टर्बोला ऑइल जास्त पोचलं, असा त्याचा अर्थ होत नाही. पंधरा-चाळीस असूनही प्रेशर पडत असेल तर डिपस्टिक हुंगा. लेव्हल वाढलेली आणि डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टर गळतोय. त्यात पन्नास ओतलं तरी तेही पातळ होणार.

"ऑइल खात नाही." रिंगा झिजलेल्या जुन्या गाडीत थोडे दिवस फरक पडतो, हे खरं. गाडीच्या पुस्तकात तो ग्रेड दिला असेल तर हाफ इंजिनचं काम (रिंगा-बेअरिंग बदलणं) निघेपर्यंत खुशाल वापरा. पण नव्या गाडीला तेच कशाला? दुसऱ्या टोकाचेही आहेत म्हणा, परभणीच्या थंडीत वीस-पन्नासवर गाडी स्टार्टच होत नाही म्हणणारे. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते. परभणी अजून तिथवर गेलेली नाही.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट जास्त महाग पडते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकना सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ऑइल जळून राहिलेली राख त्यात साचते आणि रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होताना, काजळी जळते, राख जळत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं, बहुतेक सीके-४ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं. त्यात राखेची मर्यादा १ टक्का आहे. दुकानात स्वस्तात मिळणारं वीस-पन्नास बऱ्याचदा जुन्या दर्जाचं असतं. तेव्हा आकड्याआधी डब्याच्या मागचा दर्जा वाचा आणि तो गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलं असलं तरी घाबरू नका. कंपनीने ते इंजिन त्याच ऑइलवर तपासलेलं असतं.