दुतोंडी पटर

‘साहेब, तमे ऊंधुं पकड्युं छे,’ असं म्हणून दुकानदारानं गोल्फचा पटर माझ्या हातातून काढून घेतला, फिरवला आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला. मी तो परत फिरवला. त्यानं परत सुलटा केला. असं तीनदा झालं. शेवटी मी म्हणालो, ‘भाई, पटर ऊंधो नथी, हुं ऊंधो छुं. डाबोडी.’

डाबोडी म्हणजे डावखुरा. त्यानं माझ्याकडे जरा करुणेनं पाहिलं. मग भिंतीवरच्या क्रिकेटच्या बॅटींकडे हात करून म्हणाला, ‘तो क्रिकेट रमो ने!’

त्याचं काही चुकलं नव्हतं. बॅट ही जगातली सगळ्यात समंजस वस्तू. डाव्यानं धरा, उजव्यानं धरा, तिची तक्रार नसते. आणि बडोद्यात डावखुऱ्या क्रिकेटवाल्यांची चांगली पत आहे. इरफान पठाण इथलाच, कृणाल पंड्या इथे खेळूनच मोठा झाला. मंगळबाजारात जाऊन ‘मी डावखुरा’ म्हटलं तर लोक निदान ‘बोलिंग करता का?’ असं तरी विचारतात. गोल्फचं तसं नाही. गोल्फच्या काठीला एकच तोंड असतं आणि ते बहुतेक वेळा उजव्या लोकांच्या बाजूला असतं.

तसं आम्हा डाव्यांना सवय असते. भाषेनंच आम्हाला डावललेलं आहे. हा शब्दच बघा! मुलीचं लग्न लागलं की ती ‘उजवते’. वाईट मार्गाला ‘वाममार्ग’ म्हणायचं. आमच्या वाट्याला आलेली चांगली गोष्ट एकच, दुपारची वामकुक्षी, आणि तीही लोक लपूनछपून घेतात. गणपतीनं मात्र आमची बाजू घेतली. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळंओवळं फार. घरोघर बसतो तो डाव्या सोंडेचा, मोदकाला कमीजास्त झालं तरी चालवून घेणारा. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजीनं माझा जेवायचा हात धपाटे घालून उजवा करून घेतला. लिहिण्याचा हात वळवायचं काम गुरुजींकडे होतं, पण त्यांची मध्येच बदली झाली. त्यामुळे मी जेवतो उजव्यानं आणि उरलेला सगळा डाव्यानं.

गोल्फमध्ये मी शिरलो तो डॉक्टरांमुळे. साखर वाढली, ‘रोज चाला’ म्हणाले. कमाटीबागेत चाललो तर ओळखीचे भेटतात आणि परतीच्या वाटेवर सेव-उसळ होते. मग एका मित्रानं लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या गोल्फ कोर्सवर नेलं. तिथे चालणं भरपूर आणि सेव-उसळ नाही. मोरांची केकावली ऐकत, समोर तो अवाढव्य राजवाडा बघत चालायचं. या वाड्याचा आराखडा करणारे मेजर मॅंट यांनी म्हणे आपली मापं चुकली, इमारत उभी राहायची नाही, असा धसका घेतला होता. खरंखोटं देव जाणे, पण गावात हे सगळे सांगतात. पुढे चिझम नावाच्या साहेबानं काम पुरं केलं, 1890 साली वाडा झाला आणि अजून खणखणीत उभा आहे. मापांचा धसका म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते पुढे कळायचं होतं.

बाकीच्या काठ्या मला एका परदेशी निघालेल्या डावखुऱ्या गृहस्थांकडून अर्ध्या किमतीत मिळाल्या. पटर तेवढा त्यांनी दिला नाही. ‘बायको मागितली तरी देईन, पण हा नाही,’ असं काहीतरी ते इंग्रजीत म्हणाले. पटर म्हणजे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू हळूच भोकात ढकलायची काठी. गोल्फमध्ये पॅर, म्हणजे अठरा होलना मिळून ठरलेले फटके, ७२ धरला तर त्यात प्रत्येक होलला दोन याप्रमाणे 36 फटके या एका काठीचे असतात. म्हणजे निम्मा संसार हिच्यावर. आणि नेमकी तीच नाही.

मग मामांनी माळ्यावरून एक जुना पटर काढून दिला. त्यांना तो त्यांच्या साहेबानं दिला होता. पितळी डोकं, काठी डोक्याच्या मधोमध खोचलेली आणि चेंडू मारायची सपाट बाजू पुढेही, मागेही. डावा-उजवा कुणीही या, हसतमुखानं चेंडू मारा. नाशिकला दुतोंड्या मारुती आहे तसा हा आमचा दुतोंडी पटर. गोल्फच्या नियमांत बाकी सगळ्या काठ्यांना एकच तोंड लागतं. दोन तोंडांची सवलत फक्त पटरला आहे, तीही दोन्ही बाजू सारख्या असतील तर. मला वाटलं, चला, आमच्यासाठी निदान एक कलम तरी आहे.

दोन वर्षं मी त्या दुतोंड्यानं खेळलो आणि दोन वर्षं माझे चेंडू होलच्या उजवीकडून गेले. चार फुटांवरून असो की दहा, चेंडू जायचा उजवीकडे. ‘माणूस डावा, पण कल उजवीकडे,’ असं ग्रुपमध्ये राजकीय विनोदही होऊन गेले. मी मात्र ठाम होतो: दोष पटरचा. डावखुऱ्याला डावखुरा पटर मिळाल्याशिवाय न्याय नाही.

आणि मग शोध सुरू झाला. गावातल्या दुकानांत उत्तर एकच, ‘लेफ्टी? ऑर्डर पर मंगाववुं पडशे.’ मंगाववा म्हटलं तर ‘पछी फोन करजो.’ फोन केला तर ‘कोण लेफ्टी?’ ऑनलाइन बघितलं. एका ठिकाणी पटरांची पानंच्या पानं, डोळे दिपतील अशी. त्यावर ‘लेफ्ट हँड’ची खूण केली की पान पुसल्यासारखं कोरं आणि खाली दोन मॉडेल, त्यातलं एक ‘आउट ऑफ स्टॉक’. जे उरलं ते मागवलं आणि सोबत एक ग्लोव्हही मागवला. ग्लोव्हच्या बाबतीत मी हुशारीनं ‘लेफ्ट’ निवडला.

इथे एक गंमत सांगायला हवी. गोल्फमध्ये ग्लोव्ह एकाच हातात घालतात, आणि उजवे लोक तो डाव्या हातात घालतात. म्हणजे ‘लेफ्ट हँड ग्लोव्ह’ हा उजव्यांसाठी! डावखुऱ्याला हवा उजव्या हाताचा. हे मला पार्सल फोडल्यावर कळलं. पटर डावा आणि ग्लोव्ह उजव्यांचा, असं विजोड जोडपं आलं. तेही काही टिकलं नाही, कारण पटर 35 इंचांचा होता आणि मी ग्रीनवर उभा राहिलो की वल्हं धरलेल्या नावाड्यासारखा दिसायचो. परत पाठवला. परतीचा पिकअप करणाऱ्या मुलानं खोका उघडून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, ये हॉकी है क्या?’

या सगळ्यात मी मनाची समजूत घालायला थोर डावखुऱ्यांची चरित्रं वाचायला घेतली. न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स, 1963 ची ब्रिटिश ओपन जिंकणारे, मेजर, म्हणजे सगळ्यात मानाची, स्पर्धा जिंकलेले पहिले डावखुरे. मग कॅनडाचा माइक वियर, 2003 ची मास्टर्स. पुढच्याच वर्षी फिल मिकेल्सन. छाती भरून आली. आणि मग कळलं की मिकेल्सन एरवी उजवाच आहे! लहानपणी वडिलांसमोर उभं राहून त्यांचा स्विंग आरशातल्यासारखा उचलला म्हणून डाव्यानं खेळायला लागला. चार्ल्सही तसेच, बाकीची कामं उजव्या हातानं. म्हणजे जगात डावखुऱ्यांच्या नावावर जी दोन-चार बक्षिसं, त्यांवरही उजव्यांनीच हात मारलेला. इकडे आपला सचिन लिहितो डाव्यानं आणि बॅट धरतो उजव्यानं. तो तरी आमच्यातून निघून तिकडे गेलेला. हिशेब कुठेच लागत नाही.

शेवटी कुणीतरी सांगितलं, अहमदाबादला एक जण पटर ‘फिट’ करून देतो. म्हणजे शिंपी सदऱ्याचं माप घेतो तसं तुमचं माप घेऊन पटर बनवून मागवतो. सौ. म्हणाली, ‘अहो, लग्नातला सूट तुम्ही तयार घेतला होता. आणि काठीला माप?’ मी ऐकलं नाही. एक्सप्रेसवेनं अहमदाबाद गाठलं.

फिटर हा मूळचा साताऱ्याकडचा तरतरीत मुलगा निघाला, मराठी ऐकून खूश झाला. खोलीत हिरवा गालिचा, भिंतीला पटरांची घडवंची. मी मोजले: एकतीस. त्यातले डावे दोन. ‘सर, डेमोला डावे कमीच असतात. पण वजन आणि आकार आपण उजव्यांत बघू, तुम्ही मनातल्या मनात उलटं समजून घ्या.’ मी म्हणालो, ‘बाबा रे, मी पन्नास वर्षं तेच करतोय.’

पटरनं पहिले दहा फटके मारून झाले. तो संगणकाकडे बघून गप्प. मग कळलं, कॅमेरा उजव्या खेळाडूच्या समोर बसवलेला. माझ्या दहाही फटक्यांचं चित्रीकरण झालं होतं ते माझ्या पाठीचं. सोफा हलवला, कॅमेरा हलवला, सोफ्यावर बसून नंबरची वाट बघणाऱ्या एका शेटजींना हलवलं आणि परत सुरुवात केली.

मग त्यानं एक चेंडू माझ्या नाकाच्या शेंड्यावर, दोन डोळ्यांच्या मधोमध धरायला लावला. ‘पटिंगला उभे राहा तसे राहा आणि सोडून द्या. खालच्या चेंडूवर पडला पाहिजे, निदान रेषेवर. म्हणजे डोळा चेंडूच्या वर आहे की नाही ते कळतं.’ मी सोडला. चेंडू आधी पोटावर आपटला, तिथून बुटावर आणि बुटावरून शेटजींच्या पायाशी. खोलीत शांतता. मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, जरा अजून वाका.’ सकाळपासून मी ‘सर’ होतो. त्या क्षणापासून ‘काका’ झालो.

त्यानं माझा दुतोंड्या मागितला. तो जमिनीवर टेकवायला लावला, खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि पटरच्या चोचीखाली, म्हणजे डोक्याच्या पुढच्या टोकाखाली, सरकवलं. नाणं आरपार गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. तिसरं गेल्यावर मीच लाजलो. ‘काका, ही काठी तुम्हाला लांब आहे. तुम्ही हात खाली नेता, मग चोच वर उठते. पटरचं तोंड अगदी उभं नसतं, तीनचार अंश मागे कललेलं असतं. चेंडू गवतात जरा रुतलेला असतो, त्याला वर काढायला. चोच उठली की ते तोंड तुमच्याच बाजूला बघायला लागतं. तुम्ही डावे, म्हणजे तुमची बाजू उजवी. चेंडू उजवीकडेच जाणार.’

दोन वर्षांचं गूढ सहा रुपयांत सुटलं.

त्यानंतर त्यानं बोटावर पटर आडवा तोलून दाखवला. एकाची चोच खाली लोंबली, दुसऱ्याचं तोंड आभाळाकडे. ज्याचा हात कमानीत फिरतो त्याला लोंबणारा, ज्याचा सरळ मागेपुढे जातो त्याला आभाळाकडे बघणारा. माझा हात कसा फिरतो? संगणकानं एक रेघ काढली. ती विश्वामित्रीच्या पात्रासारखी दिसत होती, फक्त मगरी नव्हत्या. मुलानं बराच वेळ ती बघितली आणि म्हणाला, ‘मधला घेऊ या.’

लांबी 33 इंच ठरली. दोन इंच कापले की डोकं हलकं वाटायला लागतं, म्हणून डोक्यात वजन घालायचं. वजन घातलं म्हणून मूठ जाड करायची. एक कमी केलं की दुसरं वाढवा. माझ्या साखरेच्या गोळ्यांचंही हेच चाललेलं असतं. मापं कागदावर लिहून मी सही केली. डाव्या हातानं. शाई पुसली गेली आणि 33 चे 38 दिसायला लागले. मेजर मॅंट आठवले. मी दुसरा कागद मागितला.

सहा आठवड्यांनी पटर आला. काळा, तुकतुकीत, तोंड एकच, आणि ते माझ्या बाजूला. मी हॉलमधला गालिचा मोकळा केला. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, म्हणून फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. आमटीची वाटी लहान पडली. मसाल्याच्या डब्याचं झाकण फारच उदार. बरोबर मापाचं निघालं ते लोणच्याच्या बरणीचं झाकण. ताटात लोणचं डावीकडेच वाढतात, हा मला शुभशकुन वाटला.

झाकण भिंतीशी ठेवलं. चार फूट अंतर. नाक चेंडूच्या वर. चोच जमिनीला. हात सावकाश. चेंडू झाकणाच्या डावीकडून गेला. दुसरा डावीकडून. तिसराही. निदान बाजू तरी आपली, असं मी म्हणेपर्यंत सौ. दारात येऊन उभी राहिली होती. तिनं छत्र्यांच्या स्टँडमधून दुतोंड्या उपसला, केरसुणी धरावी तसा दोन्ही हातांत धरला आणि उभ्याउभ्याच चेंडू ढकलला. झाकणावर टण्ण आवाज झाला.

‘नेम लागला,’ मी म्हणालो.

तिनं दुतोंड्या उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा करून पाहिला.

‘अहो, हा दोन्ही बाजूंनी चालतो की. मग तो नवीन कितीला म्हणालात?’