जुम्मा माफ? मेसेज अर्धवट आहे

पुण्यातल्या कोंढव्यात दोन दिवस मेसेज फिरतोय: ‘मारहाणीच्या घटनांमुळे जुम्म्याची नमाज माफ, मौलानांचा फतवा.’ जुम्मा म्हणजे शुक्रवारी दुपारी मशिदीत एकत्र पढायची नमाज. ती सरसकट माफ झाली, असं नाही. जिवाला खरंच धोका असेल तर मशिदीत न येण्याची सवलत शरियतमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मनियमांत, आहेच. पण नमाज सुटत नाही. जुम्म्याच्या दोन फर्ज (सक्तीच्या) रकातींऐवजी, म्हणजे नमाजच्या आवर्तनांऐवजी, घरी जुहरच्या (रोजच्या दुपारच्या नमाजच्या) चार पढायच्या. कुराणात (४:१०२) तर लढाईच्या तोंडावरही दोन गट करून, एकाने पहारा देत, आळीपाळीने नमाज पढण्याची रीत आहे. नुसत्या अफवेवर घरी बसणं वेगळं! शिवाय फतवा म्हणजे मत, हुकूम नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तेच म्हटलं. कुणी अंगावर आलं तर उलट हात उगारू नका, असं इमामसाहेब म्हणाले. ११२ लावा, तक्रार लेखी द्या.