मार्कर लावले होते हो!

गंगापूर रोडच्या लॉन्सवरचं लग्न, साडेतीन तासांची व्हिडिओ फाइल. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी... एडिटिंगच्या टाइमलाइनवर सगळीकडे नावानिशी मार्कर, म्हणजे खुणा ठोकल्या, एन्कोडिंगला (अंतिम फाइल बनवायला) लावलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर फाइलीत चॅप्टर, म्हणजे थेट हव्या त्या विधीवर उडी मारायची सोय, एकही नाही! का? तर साधा मार्कर वेगळा, चॅप्टर मार्कर वेगळा. साधा तिथेच टाइमलाइनवर बसून राहतो, फाइलीसोबत जातच नाही. दोन्ही दिसायला तिळाएवढे, रंग काय तो वेगळा. रात्री २ वाजता रंग दिसतात का कुणाला? आणि हे तिसऱ्यांदा झालंय, बरं का.

पुन्हा एन्कोड. आता चॅप्टर आले, पण अक्षतांवर उडी मारली की गाडी थांबते आधीच, भटजींच्या खोकल्यावर. कीफ्रेम, म्हणजे अख्खं चित्र साठवलेली फ्रेमच नाही ना तिथे, मग उडी मागच्या कीफ्रेमवर जाऊन पडते! सेकंदाला २५ फ्रेम आणि २५० फ्रेमांमागे एक कीफ्रेम, म्हणजे १० सेकंदांचा खड्डा. त्यासाठी म्हणे कॉम्प्रेशन मार्कर वेगळा लावा, मग तिथे कीफ्रेम सक्तीने बसते.

लावला. तिसऱ्यांदा एन्कोड केलं. पेनड्राइव्ह घेऊन पंचवटीत गेलो, तर नवरदेवाचे मामा म्हणतात, "पेनड्राइव्ह राहू द्या हो, अक्षतांचं तेवढं कापून मोबाइलवर टाका."