‘कोको’, सांगाडे आणि पाच वर्षांचा नातू : एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आजी, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडच्या एका चित्रपट मंडळाने ‘कोको’ या ॲनिमेशनपटाचा, म्हणजे मृतांच्या नगरीत जाऊन पोहोचलेल्या मिगेल या मेक्सिकन मुलाच्या गोष्टीचा, खेळ ठेवला होता आणि मुलांना तो अवश्य दाखवा, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि काहीशी रागावून लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : कार्टून म्हटले की आईवडील निर्धास्त होतात, पण आत खून असतो, मरण असते, आणि या चित्रपटात तर पडदाभर सांगाडेच आहेत, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका अभ्यासानेही मुलांच्या चित्रपटांत मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा जास्त मरणे दाखवतात असे सिद्ध केले आहे, आणि ऐन सणासुदीत मुलांपुढे मेलेल्या माणसांची गोष्ट मांडणे आपल्या रीतीला धरून नाही. शेवटी, पाच वर्षांच्या नातवाला न्यावे की नाही ते सरळ सांगा, असेही आपण लिहिले आहे. सरळच सांगते, पण आधी या मुद्द्यांविषयी, कारण त्यांतला एक मला पुरता पटतो आणि एक अजिबात पटत नाही. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे वाचताना सांभाळावे, कथेतली बरीच गुपिते इथे फुटणार आहेत.)

आपण म्हणता तो अभ्यास २०१४ च्या डिसेंबरमधला आहे. संशोधकांनी १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे, तिकीटबारीवर सर्वाधिक चाललेले ४५ ॲनिमेशनपट घेतले, त्या त्या वर्षी मोठ्यांसाठी आलेल्या आणि तितक्याच गाजलेल्या चित्रपटांशी त्यांची तुलना केली आणि महत्त्वाच्या पात्राचा पहिला मृत्यू पडद्यावर किती मिनिटांनी होतो ते टिपले. महत्त्वाचे पात्र मरण्याचा हा धोका मुलांच्या चित्रपटांत मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा अडीच पट निघाला. ‘फाइंडिंग निमो’मध्ये निमोची आई चौथ्या-पाचव्या मिनिटालाच बॅराकुडा माशाच्या तोंडी जाते, तेव्हा आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. त्या नियतकालिकाच्या नाताळ अंकात दरवर्षी असे पद्धतशीर पण मिश्कील अभ्यास येतात, हाही त्यांपैकीच, हे मात्र लक्षात घ्यायला हवे. शिवाय त्यात मोजले आहेत ते पडद्यावरचे मृत्यू. खुर्चीत बसलेल्या मुलांवर त्यांचा काय परिणाम झाला हे पाहण्याचा त्या अभ्यासाचा उद्देशच नव्हता.

मृत्यूंची नुसती संख्या पाहून चित्रपट निवडायचा म्हटले, तर १९४२ चा ‘बॅम्बी’ अगदी सौम्य ठरेल. त्यात पाडसाच्या आईला गोळी लागते, पण तीही पडद्याबाहेर. आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो. बर्फात आईला शोधत फिरणाऱ्या पाडसाला बाप एका वाक्यात सांगतो की आता आई येणार नाही, आणि पुढच्याच दृश्यात वसंत ऋतू येऊन पाखरे गाऊ लागतात. आईसाठी पुढे कोणी थांबत नाही, तिचे नाव काढत नाही. माझ्या मते लहान मुलाला जड जाते ते हेच. आपल्याला जे विचारायचे आहे त्याची चर्चा पडद्यावरच्या मोठ्यांनीच बंद करून टाकलेली आहे, हे त्याला नेमके जाणवते. ‘निमो’मध्ये उलट घडते : पत्नी गेल्याचा धसका घेतलेला बाप मुलाला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही आणि सगळी कथा त्या धसक्यातूनच निघते. ‘कोको’त तर गेलेला माणूस घरातल्या चार पिढ्यांच्या बोलण्यात, न बोलण्यात आणि भांडणात हजर असतो. चित्रपट निवडताना मी पाहते ते हे, की कोणी गेल्यावर पडद्यावरची उरलेली माणसे काय करतात.

सांगाड्यांचा आपला मुद्दा मात्र मला पटतो, आणि त्याला आधारही आहे. जोॲन कँटर या अमेरिकी संशोधिकेने मुलांना पडद्यावर कशाची भीती वाटते यावर अनेक वर्षे काम केले. त्यातून दिसलेली गोष्ट अशी की, साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला एखादी गोष्ट कशी दिसते हे ती खरोखर धोकादायक आहे की नाही यापेक्षा मोठे वाटते. ‘हल्क’ ही मालिका पाहताना लहान मुले नेमकी कधी घाबरत, तर साधा माणूस डोळ्यांदेखत हिरव्या राक्षसासारखा होऊ लागला की. तो मदतीला धावून येणारा आहे हे त्यांच्या हिशेबात येतच नसे. ‘कोको’च्या चित्रकारांनी सांगाडे शक्य तितके माणसाळलेले केले आहेत. खोबणीत डोळे ठेवले आहेत, केस, मिशा, टोप्या दिल्या आहेत, कवटीवर नक्षी काढली आहे. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराच्या छापचित्रांपासून चालत आलेली नटलेल्या सांगाड्यांची जी परंपरा आहे, तिच्याच वळणाने. त्यामुळे दहा मिनिटांत बहुतेक मुले त्यांना सरावतात. पण मृतांच्या नगरीत गेलेल्या मिगेलची स्वतःची बोटे जेव्हा हाडांची होऊ लागतात, तेव्हा ते ‘हल्क’सारखेच रूपांतर असते, आणि पाच वर्षांच्या मुलाला ते झोंबू शकते.

आमच्या खेळाला माझी आठ वर्षांची भाची शेजारी होती. सांगाड्यांना ती हसली. तिने पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि कानांवर हात ठेवले ते त्याआधी, मिगेलची आजी त्याने लपवून ठेवलेली गिटार सगळ्यांसमोर जमिनीवर आपटून फोडते तेव्हा. त्या दृश्यात कोणी मरत नाही, त्यामुळे कोणत्याही मोजणीत ते येणार नाही.

आता रीतीचा मुद्दा, जो मला पटत नाही. चित्रपट मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाभोवती फिरतो. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला, आधी गेलेल्या मुलांसाठी आणि मग गेलेल्या मोठ्यांसाठी, घरात वेदी मांडून त्यावर फोटो, मेणबत्त्या आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, आणि त्यांना वाट सापडावी म्हणून फुले पसरतात. चित्रपटातला तो केशरी पाकळ्यांचा पूल ज्या फुलाचा आहे तो झेंडू, मूळचा तिकडचाच आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून आपल्याकडे आलेला. हे सगळे पाहून आपल्या घरातल्या मुलाला परके ते काय वाटणार? नवरात्राच्या आधीचा पितृपंधरवडा त्याने पाहिलेला असतो, पान बाहेर ठेवून कावळ्याची वाट पाहणारे मोठे पाहिलेले असतात, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंखालून तो रोज जात असतो. फक्त त्याविषयी त्याच्याशी कोणी बोललेले नसते.

एका ठिकाणी मात्र चित्रपटाचा नियम आपल्यापेक्षा कडक आहे. ज्याची आठवण जिवंतांपैकी कोणालाच राहिली नाही, तो मृतांच्या नगरीतूनही कायमचा नाहीसा होतो. मिगेलला तिथे भेटलेल्या हेक्टरचा म्हातारा मित्र झोळण्यात पडल्या पडल्या गाणे ऐकतो आणि विरून जातो. मुले तिथे गप्प होतात आणि घरी येऊन प्रश्न विचारतात. भाचीने विचारले, “पणजीचा फोटो नुसता बाबांच्या मोबाइलमध्ये आहे, तो चालतो का?” अशा वेळी आपल्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे. ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही त्यांचेही सर्वपित्री अमावास्येला केले जाते. कोणी वगळला जात नाही. हे सांगायला आईवडिलांपेक्षा आजीच हवी, असे मला वाटते.

सेन्सॉरच्या दाखल्यावर विसंबून राहता येत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. २०२४ पासून ‘यूए’ म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याच्या दाखल्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले, ही चांगली गोष्ट झाली, पण २०१७ च्या चित्रपटाला त्याचा उपयोग नाही, आणि तो आकडाही पालकांना दिलेला सल्लाच असतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर : पाच वर्षांच्या नातवाला या चित्रपटासाठी सभागृहात नेऊ नये. त्याची मोठी बहीण आठ-नऊ वर्षांची असेल तर तिला जरूर न्यावे. त्याला घरी दाखवावा, दिवसाउजेडी, आवाज बेताचा ठेवून. एर्नेस्टो या गायकावर मोठी घंटा कोसळते तो प्रसंग सुरुवातीलाच येतो आणि विषप्रयोगाचा बराच उशिरा. दोन्ही वेळी तो मांडीवर असलेला बरा. या वयात ‘हे खोटे आहे, घाबरू नकोस’ असे समजावण्याचा फारसा उपयोग होत नाही, जवळ घेण्याचा आणि हातात काही खायला देण्याचा होतो, असेही कँटर यांच्या कामातून दिसते. नको म्हणाला तर बंद करावा. पण तो रमला असेल तर निम्मा आज, निम्मा उद्या असे करू नये, कारण मिगेल परत घरी येईपर्यंत मूलही त्याच्याबरोबर पलीकडेच अडकून राहते. चित्रपट १०५ मिनिटांचा आहे. तेवढी सलग मोकळी दुपार मिळेल असा दिवस निवडावा.